छाट

नरसव्वा मेरगू जहाजावरून परत आली
तो आमच्या घरकुलात पाण्याचा दिवस होता.
पाचव्या दिवसाचं पाणी. पिंपं, घागरी, पातेली,
नळाला लावलेली मोटर खोकत होती,
आणि ही दारात उभी, पायात लेकानं घेतलेले पांढरे बूट.
"समुद्रात डॉल्फिनसंगं पोहून आले की मी."
राजव्वा म्हणाली, "आधी ती पाइप उचल."

दुपारी सुपं मांडीवर घेऊन बसलो तेव्हा ऐकलं.
तिचा श्रीनिवास जहाजावर टॉवेलांच्या घड्या घालतो,
हत्ती करतो, हंस करतो, पाहुण्यांच्या गादीवर ठेवतो.
टॉवेल आपलेच, म्हणाली. कडेची पट्टी बघितली मी,
अक्कलकोट रोडचा माल.
ह्याच्या बापानं विणायचं, ह्यानं हत्ती करायचा.

एका बेटाशी जहाज थांबलं.
तिथं समुद्राला जाळी मारून खोल्या पाडल्यात.
अर्ध्या तासाचे दहा हजार.
राजव्वानं बोटांवर हिशोब केला,
पन्नास हजार विड्या,
आणि मग बराच वेळ दोरा गुंडाळत राहिली.

लुगडं चालत नाही म्हणाले. पोराची ढगळ पँट घातली,
वर नारंगी जाकीट, गळ्याशी करकचून.
सिद्धेश्वराच्या तळ्यात घोट्यापलीकडं न गेलेली बाई मी,
पायाखाली काहीच नाही, काहीच नाही गं,
आणि खालून एकदम कुणीतरी मोठं गेलं.

हात लावला?
लावला. सोललेलं उकडलेलं अंडं असतं तसं.
पण आत घट्ट. भरलेलं पोतं.

शिट्टी वाजली की उडी. उडी मारली की मासा.
गालाला तोंड लावलं की मासा.
एक बॅच गेली की दुसरी, टोप्या बदलतात, पाणी तेच.
मी त्या पोरीला विचारलं, श्रीनिवासनं इंग्रजीत सांगितलं,
ह्याला दिवसाचे किती भरावे लागतात?
ती हसली. तिला वाटलं, माशांचं विचारतेय.

त्यात एक होता, पाठीवर ओरखडे,
शिट्टीला हलेना.
जाळीच्या कोपऱ्यात नुसता तरंगत, एक डोळा वर.
बादली त्याच्यासमोरून पुढं गेली.
मी म्हटलं, हा छाट दिसतोय.

(आमच्यात छाट म्हणजे चेकरनं बाजूला काढलेली विडी.
पान आपलं, बोटं आपली, दिवस आपला,
पैसे नाहीत. विडीही परत नाही.)

सगळे मधे फोटोला गोळा झाले,
मी हातपाय मारत त्या कोपऱ्यात.
पोहणं कसलं, जाकीट नेईल तिकडं जाणं.
हात पुढं केला. चाळीस वर्षांची तंबाखू आहे ह्या बोटांत,
साबणानं जात नाही, समुद्रानं काय जाणार.
त्याला वास येत नसतो म्हणे. पोरगं नंतर बोललं.
मग तो जवळ का आला, सांग.
आला, आणि फुस्सकन श्वास सोडला माझ्या तोंडावर.
गरम. आजारी माणसाचा असतो तसा.

पुढं?
पुढं काय. शिट्टी वाजली. आम्हाला बाहेर काढलं.

फोटो दाखवला तिनं. सगळ्यांचे दात कॅमेऱ्याकडं,
हिची नुसती पाठ, नारंगी,
आणि कडेला काहीतरी करडं.
हा विकत नाही, फुकट घ्या, असं म्हणाले म्हणे दुकानात.

बोलता बोलता सवयीनं माझी पानं कापत होती ती,
फर्मा न ठेवता, नजरेनंच.
चार वाजता कारखान्यावर गेले.
चेकरनं माझ्या सत्तर काढल्या.
एरवी वीस निघतात, फार तर पंचवीस.
पानं तिरकी होती सगळी.

संध्याकाळी ती दारातच बसली होती,
पांढरे बूट काढून, टाचेला आलेला फोड बघत.
विचारलं तिनं, "किती गेल्या गं आज?"
"रोजच्याएवढ्या," म्हटलं मी.